पडद्याचा दोष

“माझे वडील बुडून गेले नव्हते हो, नाना,” गिऱ्हाईक म्हणालं. “घरात, अंथरुणावर गेले. आणि हे बघा तुम्ही काय करून दिलंत.”

बोलणं भांडणाच्या सुरात नव्हतं, म्हणून जास्तच लागलं. नानांनी फ्रेम हातात घेतली, खिडकीपाशी नेली, तिरकी केली, सरळ केली. फोटोतला म्हातारा त्यांना नीटच दिसत होता. कागदाला पडलेली चीर बुजवलेली, कॉलरवरचा डाग काढलेला, उडून गेलेली भुवई केस न् केस नव्याने उभी केलेली. “मला तर यात काही...” असं ते म्हणायला लागले, तेवढ्यात आतून त्यांची बायको चष्मा पुसत आली. तिने एकदा फ्रेमकडे पाहिलं आणि म्हणाली, “निळा झालाय की चेहरा.” तीस वर्षं ती प्राथमिक शाळेत शिकवत आली होती. चूक दिसली की ती मोठ्याने वाचून दाखवायची, समोर कोण आहे हे न बघता.

नाना जुने फोटो दुरुस्त करून देत. सुरुवात स्टुडिओत झाली होती, बारीक कुंचल्याने निगेटिव्हवरचे डाग झाकण्यापासून. तिथेच त्यांच्या गंभीर चेहऱ्यामुळे पंचविशीतच त्यांना सगळे नाना म्हणायला लागले. पुढे कुंचला गेला, कॉम्प्युटर आला, स्टुडिओ बंद पडला, पण नानांचं काम थांबलं नाही. माणसं पिवळे पडलेले, वाळवीने कुरतडलेले फोटो घेऊन येत आणि जिवंत चेहरे घेऊन जात. चाळीस वर्षांत चेहरा परत आणून दाखवायची वेळ कुणावर आली नव्हती.

“पडद्याचा दोष आहे,” नाना म्हणाले. “पुन्हा करून देतो.”

हे निव्वळ वेळ मारून नेणं नव्हतं. घरात कॉम्प्युटर एकच, टेबल एकच, आणि त्यावरचा मॉनिटर तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीने तिच्या खेळासाठी निवडलेला. मान चार बोटं खाली केली की त्यातला माणूस काळवंडायचा, वर केली की फटफटीत व्हायचा. नानांनी खुर्चीची उंची कायमची ठरवून टाकली होती आणि पाठ दुखली तरी ते तसूभर हलायचे नाहीत.

मुलीला घरात टाचणी म्हणत. लहानपणी हडकुळी आणि टोचून बोलणारी, म्हणून बापानेच ठेवलेलं नाव. आता ती वीस वर्षांची होती, सकाळी कॉलेजला जायची आणि दुपारी चारनंतर टेबलाचा ताबा घ्यायची. पाच मुलींचा तिचा संघ होता. समोरच्या पाच जणांना शोधायचं आणि त्यांनी आपल्याला टिपायच्या आत त्यांना टिपायचं, असा तो खेळ. स्पर्धा व्हायच्या, बक्षिसं असायची. खेळातही तिचं नाव टाचणीच होतं. नानांना त्यातलं फारसं कळायचं नाही, पण तिचा माऊसवरचा हात ते कौतुकाने बघायचे. कुंचला धरणाऱ्याचा हात होता तो. हलला की नेमका हलायचा, नाहीतर दगड.

“नवीन घ्यायचाच असेल तर माझं ऐका,” ती म्हणाली. “वेगाचा घेऊ.”

“रंगाचा घेऊ,” नाना म्हणाले.

“दोघं मिळून एक शहाणा घ्या,” आतून आवाज आला.

दुसऱ्याच दिवशी बापलेक दुकानात गेले. दुकान पहिल्या मजल्यावर होतं, एका लांब खोलीत, आणि चालवणारी बाई चाळिशीची, आखूड केसांची, कमी बोलणारी. दोघांचं म्हणणं तिने ऐकून घेतलं आणि तीन मॉनिटर एका रांगेत लावले. तिन्हींवर एकच चित्र चढवलं.

“आकार सारखा, काचेमागचा माल वेगळा,” ती म्हणाली. “हा पहिला, टीएन. धावपळीचा गडी. चित्र बदललं की हा लगेच बदलतो, मागे काही रेंगाळत नाही. पण रंगात कच्चा, आणि बाजूने बघाल तर ओळख देणार नाही. तुमच्या घरी हाच असणार.”

“हाच आहे,” नाना म्हणाले.

“हा मधला आयपीएस. रंग इमानदार, कुठूनही बघा, सारखा. खोट एकच, काळा पुरता काळा होत नाही. अंधाऱ्या चित्रात कोपऱ्यांतून उजेड झिरपल्यासारखा वाटतो. आणि हा तिसरा, व्हीए. याचा काळा म्हणजे काळा. सिनेमा बघायला बसलात तर उठणार नाही. पण एका काळ्यातून दुसऱ्या काळ्यात जाताना हा आळशी. अंधारात काही हललं की मागे शेपूट सोडतो.”

टाचणी स्वतःचा माऊस घेऊनच आली होती. तिने तिन्हींवर तोच खेळ लावला आणि खेळातल्या माणसाला उभ्या जागी गरागरा फिरवलं. ते बघून नानांना भोवळ आली. पहिल्यावर भिंतीच्या विटा फिरतानाही मोजता येत होत्या. मधल्यावर जवळजवळ तशाच. तिसऱ्यावर उजेडात सगळं ठीक, पण ती तळघरात शिरली तशी खांबांच्या कडा चिकट झाल्या, ओल्या शाईवरून बोट फिरवल्यासारख्या.

मग नाना पुढे झाले. त्यांनी आणलेले चेहरे एकेक करून उघडले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, गुडघ्यांवर हात टेकून खालून पाहिलं. टीएनवर एकाच गालाचे दोन रंग होत होते. तो बाद. व्हीएवर काळा कोट मखमलीसारखा दिसला, मन तिथे अडकलं. पण आयपीएसवर चेहरा कुठूनही ढळत नव्हता.

“मधला दोघांचं भांडण मिटवेल,” दुकानवाली म्हणाली. “सेकंदाला एकशेऐंशी वेळा चित्र बदलतो, मुलीला पुरे. नाही पटला तर आठ दिवसांत बदलून देईन. खोका फाडू नका.”

टाचणीने पहिल्याकडे एकदा हळहळून पाहिलं आणि मान डोलावली.

घरी आल्यावर नानांनी जेवणही आधी केलं नाही. म्हातारबुवांचा फोटो मुळापासून नव्याने घेतला. नव्या पडद्यावर त्यातला पिवळेपणा आणखी ठळक दिसत होता. बघा, म्हणूनच चुकत होतं, असं मनाशी म्हणत त्यांनी तो पिवळेपणा धुऊन काढला, गालांवर रक्त आणलं, फोटो छापायला पाठवला. दोन दिवसांनी छापून आला तो बायकोने दारातच उघडला.

“अजून निळाच आहे,” ती म्हणाली. मग नवऱ्याचं तोंड बघून, “थोडा कमी असेल मागच्यापेक्षा.”

त्या दिवसापासून नानांच्या पायाला भिंगरी लागली. खुर्चीत बसत आणि उठत. पडद्याचा उजेड वाढवत, कमी करत. खिडकीचा पडदा ओढत, सोडत. छापखान्यावर संशय घेऊन झाला, कागदावर घेऊन झाला. शेवटी त्यांना दुकानवालीचं बोलणं आठवलं. कोपऱ्यांतून उजेड झिरपतो. तोच उजेड सगळ्या रंगांत कालवला जात असणार, आणि काळाच जर खरा नसेल तर बाकीचे रंग कशाच्या आधारावर उभे राहणार? हा सिद्धान्त त्यांनी सकाळी आंघोळ करताना रचला आणि दुपारपर्यंत त्यांना तो स्टुडिओत शिकवल्यासारखा वाटायला लागला.

“बाबा, शनिवारी आमची उपान्त्य फेरी आहे,” टाचणी म्हणाली. “आता नका बदलू. रविवारी बदला.”

“शनिवारी आठ दिवस संपतात.”

“व्हीएवर अंधारात शेपूट येतं. तुम्ही पाहिलंत ना?”

“एवढंसं तर होतं.”

हट्ट करणं बापाच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे त्याच्याशी कसं भांडायचं याची तिला सवय नव्हती. “बरं,” ती म्हणाली.

शुक्रवारी नाना आयपीएस परत देऊन व्हीए घेऊन आले. शनिवारी दुपारी सामना झाला. नाना तिच्या मागे उभे राहिले. सुरुवातीला संघ पुढे होता. मग खेळ एका अंधाऱ्या गोदामात गेला आणि त्या नव्या पडद्यावर काळ्यातून काळं सरकायला लागलं. नानांच्या डोळ्यांनाही कळत होतं. खोक्यामागून माणूस निघायचा आणि त्याच्या मागे त्याचीच धुरकट सावली लोंबायची. टाचणी सावलीवर नेम धरायची आणि माणूस पुढे गेलेला असायचा. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळी तिच्या कानावरच्या हेडफोनमधून कुणीतरी मुलगी चिडून बोलली, ते खोलीत ऐकू आलं. अर्ध्या तासात सगळं संपलं.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “पडद्याचं काही नाही, बाबा,” ती म्हणाली. “मलाच उशीर झाला.”

ती रागावली असती तर नानांना बरं वाटलं असतं.

सोमवारी ते एकटेच खोका काखेत मारून दुकानात गेले. आठ दिवस उलटून गेले होते, पण दुकानवालीने त्यावर काही म्हटलं नाही. तिने व्हीए बाजूला ठेवला, त्यांचा जुना आयपीएस परत टेबलावर चढवला आणि खणातून साबणाच्या वडीएवढं एक यंत्र काढलं. ते पडद्यावर टेकवलं. पडद्यावर एकामागून एक रंग झळकत गेले आणि शेजारी आकडे उमटत गेले.

“हे रंग मोजतं,” ती म्हणाली. “नाना, हा पडदा खोटं बोलत नाहीये. माझ्याकडे आलेल्या मालात एवढा सरळ क्वचितच असतो.”

“यंत्राला काय कळतं चेहऱ्यातलं?”

“चेहऱ्यातलं नाही कळत. पांढऱ्यातलं कळतं.” आणि तिने सगळा पडदा पांढरा करून दाखवला.

खोक्यातल्या थर्माकोलचा एक कण उडून नानांच्या डोळ्यात गेला होता. उजवा डोळा चोळत त्यांनी डाव्याने पडद्याकडे पाहिलं. पडदा पांढरा होता. मग कण निघाला आणि काही तरी सुचल्यासारखं त्यांनी डाव्या डोळ्यावर तळवा धरला. पडदा पांढरा नव्हता. दुधात चमचाभर चहा सांडावा तसा रंग होता त्याचा.

त्यांनी हात बदलला. पांढरा. पुन्हा बदलला. चहा.

“आता तुम्ही काही बदललंत का?” त्यांनी विचारलं.

“नाही. का हो?”

“काही नाही. हाच द्या.”

घरी येताना त्यांचा थांबा मागे राहिला आणि बस पुढे गेली. उतरून ते तेवढं अंतर मागे चालत आले.

कुणाला सांगितलं नाही. पण पुढचे तीन दिवस त्यांनी घरातली एकही पांढरी वस्तू सोडली नाही. बेसिन, चादरी, साखर, दाराचा रंग, वर्तमानपत्राचा समास. आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने. दरवेळी वाटायचं, या खेपेला दोन्ही सारखे दिसतील. बायको कपडे वाळत घालत होती आणि हे दारात उभे राहून तिच्या हातातल्या उशीच्या अभ्र्याकडे बघत होते.

“डोळे काय मारताय या वयात?” ती म्हणाली.

एरवी त्यांनी हजरजबाबी काहीतरी म्हटलं असतं. ते नुसतेच आत गेले. तिने अभ्रा तसाच हातात धरून त्यांच्या पाठीकडे पाहिलं.

नानांना भीती आंधळेपणाची वाटत नव्हती. तिथपर्यंत विचार पोचतच नव्हता. हे कधीपासून आहे, एवढा एकच प्रश्न त्यांच्या डोक्यात घरघरत होता. चौथ्या दिवशी त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला आणि कॉम्प्युटरमधली जुनी कामं मागे मागे उघडत गेले. गेल्या महिन्यातली बाई निळसर. त्याआधीचा शिपाई निळसर. जुळे भाऊ, एक नर्स, कडेवरचं तान्हं मूल. सगळे थंडीत उभे असल्यासारखे. मागे जाता जाता दीड वर्षापूर्वीची एक आजी सापडली, तिचे गाल शाबूत होते. तिच्यानंतरचे सत्तावीस चेहरे त्यांनी स्वतःच्या हाताने गारठवले होते. फोटो जुना, पिवळा. डोळाही पिवळा. डोळ्याला पिवळं दिसेनासं होईपर्यंत ते पिवळं काढत राहिले होते, आणि तोवर चेहऱ्यातली ऊबही निघून गेली होती.

“बाबा, चार वाजले.” टाचणी मागे उभी होती. किती वेळ, कोण जाणे. “हात काढा डोळ्यावरचा.”

त्यांनी काढला.

“कुठला डोळा?”

“उजवा. पिवळं दिसतं त्यातून.”

“कधी कळलं?”

“सोमवारी. दुकानात.” मग न विचारताच ते म्हणाले, “पण आहे दीड वर्षापासून.”

ती पलंगाच्या कडेवर बसली. “म्हणजे पडद्यांत काहीच दोष नव्हता. आणि मी त्यापायी उपान्त्य फेरी हरले.”

“हो.”

“शनिवारी तुम्ही मागे उभे होतात. तुम्हाला शेपूट दिसत होतं?”

खोटं बोलणं सोपं होतं. नानांचा डोळा आता कुणी कशाच्या साक्षीला धरला नसता. “दिसत होतं,” ते म्हणाले.

टाचणी उठून बाहेर गेली. स्वयंपाकघरात मायलेकींचं बोलणं झालं, दबक्या आवाजात, बराच वेळ. परत आली तेव्हा तिच्या हातात कागदावर लिहिलेली डॉक्टरांची वेळ होती. “उद्या अकरा वाजता. आई सुट्टी टाकतेय. मला कॉलेज आहे, मी येणार नाही.” आणि दाराशी थांबून, “मी अजून चिडलेली आहे. तेवढं लक्षात ठेवा.”

डॉक्टरांनी दिव्याची बारीक तिरीप डोळ्यात पाडून पाहिली. मोतीबिंदू, म्हणाले. उजवा चांगलाच पिकलेला, डाव्याला नुकती सुरुवात. घाबरण्यासारखं काही नाही, वीस मिनिटांचं काम. “व्यवसाय काय तुमचा?” त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

“रंग बघतो,” नाना म्हणाले. डॉक्टरांचं लिहिणं क्षणभर थांबलं.

ऑपरेशन खरंच तेवढंच होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि नानांनी पहिल्यांदा पाहिलं ते दवाखान्याचं बेसिन. ते इतकं पांढरं होतं की निळं वाटलं. नर्सचा कोट, खिडकीबाहेरचा टँकर, स्वतःच्या हातावरच्या शिरा, सगळं कुणीतरी पुसून ठेवल्यासारखं. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं.

“काही बोलू नका,” ती म्हणाली. “सुरकुत्या मला माहीत आहेत.”

डॉक्टरांनी तीन आठवडे काम बंद ठेवायला सांगितलं. नानांनी पंधरा दिवस कसेबसे काढले, येरझारा घालून शेजाऱ्यांना वीट आणला, आणि मग सत्तावीस जणांची यादी करून फोन लावायला बसले. एकेकाला सांगायचं ते एकच. तुमच्या फोटोत माझ्या हातून चूक झाली आहे, मी नवा करून घरी आणून देतो. काहींना चूक समजलीच नाही. एकाला वाटलं, यात काहीतरी फसवणूक आहे. तान्ह्या मुलाची आई आता त्या मुलाच्या मुलाला शाळेत सोडून आली होती. ती म्हणाली, “जुना फोटो असाच दिसतो असं वाटलं होतं आम्हाला.” हेच सगळ्यांत जास्त लागलं.

काम सुरू झालं, पण नानांचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. नवा डोळाही त्यांना परका वाटायचा. प्रत्येक चेहरा छापायला पाठवण्याआधी ते टाचणीला हाक मारत. ती वेगाची मुलगी, एका चित्रापुढे पाच मिनिटं बसणं तिला शिक्षाच होती. पण बसायची. “कपाळ बरं आहे. हनुवटी आजारी वाटतेय.” नाना हनुवटी बरी करत. “आता ठीक. उठा, चार वाजून गेले.” तिच्या संघाने पुढच्या स्पर्धेसाठी सराव सुरू केला होता. तिचा राग गेला की नाही, हे तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

बुडून गेल्यासारख्या दिसणाऱ्या म्हातारबुवांचा मुलगा स्वतः येऊन नवा फोटो घेऊन गेला. दारात उभा राहून बराच वेळ बघत होता. नानांचा हात हातात घेऊन त्याने दाबला आणि निघाला.

असे पंचवीस झाले. सव्विसावी होती एक शिवणकाम करणारी बाई, चौथ्या मजल्यावर राहणारी. फोनवर ती म्हणाली होती, या. नाना दम खात वर गेले. मशीनसमोरच्या भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो होता, सुई ओवताना मान वर केली की दिसेल असा. नानांना आता तो लांबूनच दिसला. ओठ जांभळट, डोळ्यांखाली शाई.

त्यांनी नवा फोटो कागदातून काढून तिच्या हातात दिला. तिने तो मशीनवर उभा केला आणि दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं.

“हा चांगला आहे,” ती म्हणाली. “लग्नात असेच दिसत होते.”

“मग तो काढून देऊ? मी स्टूल घेतो.”

“नको. तो राहू दे.”

नानांना वाटलं आपलं बोलणं नीट पोचलं नाही. त्यांनी पुन्हा समजावलं. डोळ्यात दोष होता, रंग चुकला, माणूस असा नव्हताच. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. तिने सगळं ऐकून घेतलं.

“दीड वर्ष मी याच्याशी बोलतेय,” ती म्हणाली. “सकाळी मशीन सुरू करताना, दुपारी धागा तुटला की. तुम्ही आता दुसरा आणून लावलात तर मला पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागेल. तुमची चूक असेल, नाना. पण मला आता सवय झालीय.”

तिने नवा फोटो कपाटात, घडी केलेल्या कापडांवर ठेवला आणि पाणी आणायला गेली. नाना भिंतीपाशी उभे राहिले. हात शिवशिवत होते. एवढासा पिवळा, चिमूटभर लाल, दहा मिनिटांचं काम. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात त्यांच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती, दरवेळी चिकटवत तशीच.

“एक करा,” बाई पाणी घेऊन आली तेव्हा ते म्हणाले. “निदान माझं नाव तरी काढू द्या त्यावरून.”

“नाव असू दे,” ती म्हणाली. “कुणी केलं ते कळायला नको का?”

नानांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. ती मशीनवर बसली आणि अर्धी राहिलेली बाही सुईखाली सरकवली. जिना उतरताना वरून मशीनचा आवाज येत होता. तिसऱ्या मजल्यावर ते थांबले, खिशातून यादी काढली, सव्विसाव्या नावापुढे काय लिहावं ते त्यांना ठरवता येईना. मग यादी तशीच घडी करून ते सत्ताविसाव्याच्या पत्त्यावर जायला निघाले.